पाठीवरचं बिऱ्हाड

परतुरात दारात नवीन जनावर दिसलं की पहिला प्रश्न असतो, 'दूध किती देते?' दुसरा, 'औताला चालते का?' दोन्हींना नाही म्हटलं की तिसरा येतो, 'मग कामून आणलं?'

आमच्याकडे घोडी आल्यापासून या तिसऱ्या प्रश्नाला घरातला प्रत्येक माणूस वेगळं उत्तर देतो. मुलगा म्हणतो, 'फार्म काढायचाय, घोड्यांचा.' सून म्हणते, 'लेकरांना मोबाइलपेक्षा मोठं काहीतरी दाखवावं म्हटलं.' आमची ही म्हणते, 'त्या दोघांनाच विचारा.' आणि मी, ज्याला कोणी काहीच विचारलेलं नसतं, तो इतिहास सांगायला बसतो. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एवढी तरी मुभा असावी.

इतिहासाला इथं तोटा नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेची गाठ आर्थर वेलस्लीशी पडली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. त्या एका दिवसात त्याच्या मांडीखालचे दोन घोडे निकामी झाले. हे सांगताना मी 'आपल्या जिल्ह्यात' असं ठासून म्हणतो. खरं तर तेव्हा जिल्हाच नव्हता, आणि परतूर तर १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होतं. पण अभिमान काही सातबारा बघून करायचा नसतो. समोरचा सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, 'ते बरोबर आहे सर, पण मग दूध?'

आपलं घोड्यावरचं प्रेम चौथऱ्यावर चढलेल्या घोड्यापुरतं उरलं आहे. जिवंत घोडा लागतो तो शिवजयंतीच्या मिरवणुकीला आणि नवरदेवाच्या परण्याला. तोही तासाच्या बोलीनं. उरलेलं वर्षभर तो कुठं राहतो आणि काय खातो, याची चौकशी कोणी करत नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ ला ती साडेतीन लाखांच्या आत आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. म्हणी मात्र सगळ्या शाबूत आहेत. घोडं अजूनही रोज कुठंतरी अडतं, वरातीमागून नेमानं निघतं, आणि कागदी घोडे तर कुठल्याच गणनेत कमी व्हायचे नाहीत.

आमची घोडी माळेगावच्या यात्रेतली. नांदेडपर्यंत रेल्वे, पुढं लोह्याच्या बाजूला रस्त्यानं. मार्गशीर्षात तिथं खंडोबाची यात्रा भरते. देवच घोड्यावर बसणारा, तेव्हा त्याच्या दारात घोड्यांचा बाजार असणं ओघानंच आलं. गाढवं असतात, उंटही असतात. जाणकार घोड्याचे दात बघून त्याचं वय सांगतात आणि अंगावरचे भोवरे बघून मालकाचं भविष्य. कुठल्या भोवऱ्यानं घर बुडतं आणि कुठल्यानं राज्य मिळतं, हे मला ज्यानं तपशीलवार समजावलं, तो स्वतः फाटक्या पोत्यावर बसून बिडी मागत होता. भाव ठरतो रुमालाखाली, बोटं दाबून. मुलाचा हात रुमालाखाली गेला आणि बाहेर आला तेव्हा घोडी आमची झाली होती. आकडा त्यानं अजून आईला सांगितलेला नाही.

घोडी ठेंगणी, भरलेल्या छातीची, रंगानं कुमैत. म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ, शेपूट, पाय काळे. व्यापारी म्हणाला, 'अस्सल भीमथडी आहे, मालक.' बाजारात हे वाक्य सगळेच ऐकवतात. पण त्यानिमित्तानं मी भीमथडीवर जे हाती लागलं ते वाचून काढलं.

भीमथडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं धुरळा उडवत निघालेलं मराठी घोडदळ येतं, आणि ते खोटं नाही. पण फौजा गेल्या, पागा मोडल्या, मग ही तट्टं राहिली कुणामुळं? धनगरांमुळं. बारामती-फलटणकडचे मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. बाप्ये मेंढरांबरोबर चालतात आणि घोडी असते बायांच्या ताब्यात. तिच्या पाठीवर मेंढरं कोंडायची वाघर, घोंगड्या, पिठाचं गाठोडं, भगुली, तवा, पाय बांधलेल्या कोंबड्या, कालच जन्मलेलं कोकरू, आणि या सगळ्याच्या वर, सिंहासनावर बसावं तसं, एखादं शेंबडं पोर. घाट असो की डांबरी रस्ता, घोडी खाली मान घालून चालते. मुक्काम आला की ओझं उतरवायचं, तीन दगडांची चूल मांडायची, घोडीला चरायला सोडायचं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ती अगदी अलीकडं. तोवर ही जात सरकारी कागदाशिवाय या बायांनी सांभाळली. म्हणजे जिचे पोवाडे तलवारीमुळं झाले, तिला जगवलं तव्यानं. हे कळल्यापासून मी असई सांगणं कमी केलं आहे. 'मग कामून आणलं?' असं कोणी विचारलं तर म्हणतो, 'संसाराला.' माणूस गोंधळतो आणि निघून जातो.

नाव ठेवलं बिजली. नातवाला तिच्या वेगाकडं बघून सुचलं. आम्ही मात्र ते मराठवाड्यातल्या विजेच्या अर्थानं घेतो. आली तर आली. मनात नसेल तर ती वाटूर फाट्याच्या दिशेला तोंडसुद्धा करत नाही.

तिचे डावपेच बघण्यासारखे आहेत. खोगीर चढवून तंग आवळायला घेतला की बिजली खोल श्वास घेते आणि पोट टम्म फुगवून उभी राहते. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा कीर्तनात बसल्यासारखा. आपण जोर लावून तंग ओढायचा, कडी अडकवायची, घाम पुसायचा. मग ती सावकाश श्वास सोडते, आणि तंगात आख्खा पंजा जाईल एवढी फट पडते. मुलगा पहिल्यांदा रुबाबात रिकिबीत पाय घालून वर चढला, तेव्हा खोगिरासकट फिरून तिच्या पोटाखाली गेला. बिजली हलली नाही. मान वळवून तिनं फक्त खाली पाहिलं. सुनेनं यावर उपाय शोधला आहे: तंग अर्धा आवळायचा, तिला चार पावलं चालवायचं, बोलत राहायचं, आणि बोलता बोलता उरलेला आवळायचा. नवऱ्याच्या बाबतीतही हेच करते, असं ती हसत म्हणते. मुलगा तेव्हा नेमका मोंढ्यात गेलेला असतो.

घोड्याला ओकता येत नाही, ही माहिती मला साठी उलटल्यावर मिळाली. देवानं एवढं मोठं धूड बनवलं, त्यात पोट लहान ठेवलं आणि परतीचा रस्ता बंद केला. म्हणून त्याला थोडं थोडं, दिवसभर खायला लागतं. भलतंसलतं गेलं की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर जाऊ शकतं. हे आमच्या गल्लीला समजावणं महाकठीण. इथं प्रेम म्हणजे खाऊ घालणं. पोळ्याला बैलांबरोबर बिजलीलाही पुरणपोळी द्यायची, असा शेजारच्या काकूंचा हट्ट. शेवटी मी धर्मशास्त्र काढलं: पोळा बैलांचा, घोड्याचा मान दसऱ्याला. काकूंना ते पटलं. दसऱ्याला त्या दुप्पट पोळ्या घेऊन आल्या.

खूर महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळं दीड-दोन महिन्यांनी नालबंद बोलवावा लागतो. पावसाळ्यात आमची काळी माती खुरात घट्ट बसते, ती रोज उकरून काढली नाही तर खूर सडतो. नालबंद येणार ही बातमी कशी फुटते कोण जाणे. तो ऐरण मांडतो न मांडतो तोच जुन्या नालेसाठी माणसं उभी. उंबऱ्याला ठोकायला कुठलीही चालते, पण साडेसातीवाल्यांना काळ्या घोड्याचीच पाहिजे. बिजली कुमैत आहे हे मी प्रामाणिकपणे सांगितलं, तर एकानं तिच्या पायांकडं बोट दाखवलं, 'पाय तर काळेच हायेत ना सर? नाल पायालाच असते.' त्याच्या साडेसातीचं पुढं काय झालं माहीत नाही, पण असा वकील असल्यावर शनीलाही विचार करावा लागेल.

फार्म म्हणावा असा अजून झालेला नाही. शेतात पत्र्याची शेड आहे, लसूण घासाचे चार वाफे आहेत, कडब्याची गंज आहे, आणि घोड्याला एकटं करमत नाही म्हणून मागाहून आणलेलं एक म्हातारं तट्टू आहे. कर्जाच्या अर्जात गाय, म्हैस, शेळी, कुक्कुट असे रकाने होते; आमची बिजली 'इतर'मध्ये बसली. लिदीचं खत मात्र हातोहात जातं. रविवारी गावातली पोरं फेरी मारायला येतात, पैसे सून घेते, हिशोबाची वहीही तिच्याकडंच. घोडी बायांच्या ताब्यात द्यावी, हे धनगरांकडून आम्ही उशिरा का होईना शिकलो.

परवा लग्नाची बोली करायला एक पाहुणे आले. घोडी पाहिली, चहा घेतला, मग म्हणाले, 'परण्याला पांढरीच लागते हो. हिला एका दिवसापुरता चुना मारला तर?'

सून म्हणाली, 'चुना लावायचा तर नवरदेवाला लावा काका, घोडीला नाही.'

पाहुणे तडक उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲडव्हान्स घेऊन हजर. सुनेनं नोटा मोजल्या आणि वहीत तारखेपुढं अट लिहून घेतली: घोडी मारुतीच्या पारापर्यंतच, डीजेच्या पुढं उभी राहणार नाही, आणि तंग आम्हीच आवळू.