नादाम : हरणाऱ्यांचीही सोय

मंगोलियाचा उन्हाळा आला-आला म्हणेपर्यंत संपतो. त्यामुळे देशाने आपला सर्वांत मोठा उत्सव, नादाम, जुलैत उरकायचं ठरवलेलं आहे. १९२१च्या क्रांतीच्या स्मरणार्थ उलानबातरमध्ये ११ ते १३ जुलै असा तो रंगतो. कुस्ती, धनुर्विद्या आणि घोड्यांची शर्यत हे त्याचे मुख्य खेळ. खिमा भरून तळलेला खूशूर हा अधिकृत खेळ नसला, तरी भाग घेणारे सर्वाधिक त्यातच असतात.

राष्ट्रीय नादामच्या कुस्तीत साधारणपणे ५१२ मल्ल उतरतात आणि नऊ फेऱ्यांत निकाल लागतो. वजनी गट नाहीत. काडीपैलवानाची गाठ थेट डोंगराशी पडू शकते. पुढच्या फेऱ्यांत तर मोठ्या किताबाचे मल्ल आपला प्रतिस्पर्धी स्वतःच निवडतात. ते कोणाला निवडत असतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गुडघा, कोपर किंवा पाठ टेकली की खेळ खलास. हरलेला मल्ल जेत्याच्या हाताखालून वाकून जातो आणि जेता पंख पसरल्यासारखे हात करून गरुडनृत्य करतो. अंगातलं जाकीट छातीवर उघडं असतं. पूर्वी पुरुषवेशातल्या एका स्त्रीने सगळ्यांना लोळवलं, म्हणून ही खबरदारी, असं आख्यायिका सांगते. कुस्ती सुधारण्यापेक्षा कपडे बदलणं सोपं पडलं असावं.

धनुर्विद्येत स्त्रियाही उतरतात. पुरुष ७५ मीटरवरून, स्त्रिया ६५ मीटरवरून जमिनीवर रचलेल्या चामडी नळकांड्यांवर नेम धरतात. पंच लक्ष्याजवळच उभे राहून, नेम लागला की हात उंचावून गातात. बाण बोथट असतात, ते बरंच आहे.

शर्यत मैदानात नव्हे, तर मोकळ्या माळावर होते. घोड्याच्या वयानुसार अंतर साधारण दहा ते तीस किलोमीटर. स्वार मुलं असतात, कारण घोड्यावर भार नको. कौतुकही मुख्यतः घोड्याचंच होतं. पहिल्या पाच घोड्यांवर आइराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, शिंपडतात. विजेत्याचा घाम आणि धूळ अंगाला लागणं शुभ मानतात. म्हणून प्रेक्षक एरवी टाळतात ती धूळ इथे धावत जाऊन घेतात.

दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत शेवटी येणाऱ्यालाही मान मिळतो. पुढच्या वर्षी पहिला ये, असं त्याला गाऊन सांगतात. तेव्हा नादाममध्ये नाव हवं असेल, तर शिंगराने पहिल्या पाचांत यावं किंवा थेट शेवटी. सहाव्या नंबराचं कोणी नाव काढत नाही.