सोसायटीच्या वार्षिक सभेत बसण्याची शास्त्रशुद्ध पद्धती

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेल्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने, म्हणजे लोकव्यवहारात जिला नुसते ‘सोसायटी’ म्हणतात तिने, ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे बंधनकारक आहे. आणि बंधनकारक गोष्ट शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवणे ही कार्यकारिणीची जुनी रीत असल्यामुळे पुष्कळशा सभा सप्टेंबरअखेरच्या रविवारी, पार्किंगमधल्या गाड्या हलवून मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरतात.

सभासदाने प्रथम गणपूर्तीचे तत्त्व समजून घ्यावे. गणपूर्ती, अर्थात कोरम, ही आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती होय. नियोजित वेळेपासून अर्ध्या तासात ती न भरल्यास सभा तहकूब होते व नोटिशीत नमूद केलेल्या पुढच्या वेळी त्याच दिवशी पुन्हा भरते, तेव्हा मात्र कोरमची अट उरत नाही. या तरतुदीचे मर्म उमगलेला सभासद दहाच्या सभेला साडेदहानंतरच जिना उतरतो, कारण वेळेवर येणाऱ्याच्या वाट्याला खुर्च्या मांडणे, माइकसाठी एक्स्टेन्शन बोर्ड शोधणे आणि ‘लोकांना काही पडलेलीच नाही’ हे गैरहजरांसाठी असलेले भाषण मुकाट्याने ऐकणे, एवढेच येते. आसन खांबाआडचे निवडावे. नव्या कार्यकारिणीसाठी नावे शोधत फिरणारी अध्यक्षांची नजर तेथे पोचत नाही, चहाचा ट्रे मात्र पोचतो.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा विषयपत्रिकेवरील पहिला विषय दिसायला निरुपद्रवी असला, तरी मेंटेनन्सवाढ टाळू इच्छिणाऱ्याने सारी शक्ती येथेच खर्च करावी. गतवर्षी अमुक सभासदाने घेतलेला आक्षेप नोंदला गेला नाही, एवढे एकच वाक्य पाऊण तास पुरते.

गळतीच्या विषयाला मात्र अभ्यास लागतो. गच्चीतून वा बाहेरच्या भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने आणि सदनिकेतील संडास, मोरी वा सिंक यांच्या गळतीची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने, असा उपविधींचा दंडक असल्यामुळे सारा वाद पाण्याच्या उगमाविषयी असतो. खालच्या मजल्यावरील सभासदाने पोपडे निघालेल्या छताचा फोटो मोबाइलवर रांगेतून फिरवावा. प्रत्येक जण दोन बोटांनी तो मोठा करून पाहतो व ओल कोकणच्या नकाशासारखी दिसते असे मत देतो, ज्याचा निर्णयाशी काहीही संबंध नसतो. वरच्या मजल्यावरील सभासदाने पाणी भिंतीतूनच येत असल्याचे ठामपणे सांगावे आणि ‘आपल्या प्लंबरचा’ दाखला द्यावा. दोन्ही पक्षांचा प्लंबर बहुधा एकच असतो व त्याने दोघांनाही दुजोरा दिलेला असतो. प्रतिपक्षाचा उल्लेख नावाने न करता ‘पाचशे दोन’ असा सदनिकेच्या क्रमांकाने करावा. येथे संबोधनाचा एक नियम ध्यानी घ्यावा: स्वर जसजसा चढतो तसतसा आदर वाढत जातो, त्यामुळे सभेच्या आरंभी जे ‘काका’ असतात ते मध्यंतरात ‘साहेब’ होतात, आणि ‘सन्माननीय सभासद’ हा शब्द कानी पडताच शेजारच्याने खुर्ची थोडी मागे सरकवावी.

हिशेबपत्रके व लेखापरीक्षकाची नेमणूक हे विषय सूचक आणि अनुमोदक मिळताच मंजूर होतात. ती पाने उलटून पाहणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते.

‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या सदरात कुत्री, कबुतरे, रात्रपाळीच्या वॉचमनची झोप आणि पाहुण्यांची पार्किंगमधली गाडी यांचा समावेश होतो. तोवर बटाटेवड्यांचा वास सुटलेला असल्याने कोणताही निर्णय न घेता उपसमिती नेमली जाते, म्हणजे ज्याने विषय काढला त्याच्याच गळ्यात तो बांधला जातो. वडा हाती पडताच निसटून जाण्यानेही सुटका होत नाही, कारण गैरहजर सभासदाचे नाव तर अधिकच सर्वानुमते मंजूर होते.