पार्सल पोर्ट्समथचं, पाना मामांचा

पुण्यात सायकल चालवणाऱ्यांच्या दोन तऱ्हा आहेत. एक माणूस कामाला जायला सायकल चालवतो. त्याच्या सायकलीला कॅरिअर असतं, कॅरिअरला डबा असतो आणि सिग्नलला त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दुसरा माणूस सायकल चालवता यावी म्हणून कामाला जातो. त्याच्या सायकलीला कॅरिअर, स्टँड, मडगार्ड यांतलं काहीच नसतं, कारण यातल्या प्रत्येक वस्तूला वजन असतं. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला भेटला की तो तब्येत वगैरे न विचारता थेट आकडा सांगतो, "आठ किलो चारशे. पेडल धरून." त्याचं स्वतःचं वजन विचारायचं नसतं. आजचं सदर या दुसऱ्या माणसाला अर्पण.

या माणसाचा गल्लीतल्या दुकानावर विश्वास नाही, पण तिथल्या आरशावर आहे. म्हणून शनिवारी संध्याकाळी तो मामांच्या दुकानात येतो. मामा कोणाचे मामा आहेत हे कोणालाच माहीत नाही, सगळा पेठेचा भाग त्यांना मामाच म्हणतो.

"मामा, या शूजमध्ये त्रेचाळीस आहे का? आणि चव्वेचाळीसही काढा ना. जरा रुंद पंजाचा."

मामा स्टुलावर चढतात, माळ्यावरून खोकी उतरवतात. हा बूट घालतो, फरशीवर टकटक करत दुकानभर फिरतो, टाच सुटते का बघतो. मग हेल्मेट. एम घट्ट होतं, एल डुगडुगतं, पुन्हा एम. शेवटी खोक्यावरच्या लेबलाचा फोटो काढतो आणि म्हणतो, "घरी विचारून येतो." कंपनीत शंभर माणसांच्या पगारवाढीवर सही करणाऱ्या माणसाला बुटासाठी घरी विचारावं लागतं, यावर मामांनी आजवर शंका घेतलेली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून तो ब्रिटनमधल्या दुकानात चव्वेचाळीस नंबर मागवतो. पुढे त्या दुकानाला पाच तारे देऊन लिहितो, 'माप अगदी अचूक.' माप मामांनी काढलेलं असतं.

आता हे खरंच आहे की माल तिकडे स्वस्त मिळायचा. मामाही नाकारत नाहीत. "मला घाऊकमध्ये पडतो त्याच्याखाली ते किरकोळ विकतात," असं ते सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसतो, कुतूहल असतं. पण मधे समुद्र आहे आणि समुद्राच्या अलीकडे कस्टम. वैयक्तिक वापरासाठी पोस्टानं किंवा कुरिअरनं आलेल्या मालावर २०१८ नंतर काही वर्षं असा पाढा होता: मूळ शुल्क ३५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालासकट झालेल्या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी. एकूण ७७.२८ टक्के. तेही नुसत्या वस्तूवर नाही, वाहतूक आणि विमा धरून. आमच्या ओळखीच्या काही सायकलस्वारांच्या हातून आयुष्यात जे काही समाजकल्याण घडलं, ते या अधिभारातूनच.

पूर्वी यातून एक पळवाट होती. परदेशातून आलेली भेटवस्तू ठरावीक किमतीपर्यंत करमुक्त असायची. त्या सुवर्णकाळात पुण्यातल्या सायकलस्वारांवर त्यांच्या परदेशस्थ नातेवाइकांचं अपार प्रेम होतं. लग्नालाही न आलेल्या आतेभावाला अचानक वाटायचं, की मामेभावाला काहीतरी द्यावं, आणि ते काहीतरी नेमकं मागच्या चाकाची ११ ते २८ दातांची कॅसेट असावं. डिसेंबर २०१९मध्ये सरकारनं भेट म्हणून माल मागवणं बंद केलं. अपवाद दोनच ठेवले, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. त्या रात्री आमच्या सायकलस्वारांच्या ग्रुपवर चेन मनगटाला बांधता येते का, यावर गंभीर चर्चा झाली. येते. ११६ कड्यांच्या चेनचे आठ वेढे बसतात. प्रश्न बहीण कोण होणार एवढ्यावरच अडला.

मग उरला भाचा. लंडनजवळ राहणारा भाचा दिवाळीला यायचा असला की आजी चकल्या मोजते आणि मामा (हे खरे मामा, दुकानातले नव्हेत) त्याला यादी पाठवतात. कस्टमच्या २०१६च्या नियमांनी येणाऱ्या प्रवाशाला ५० हजारांपर्यंतचं सामान बिनशुल्क आणता येऊ लागलं, ही सवलत जणू गिअर बदलणाऱ्या डिरेलरसाठीच काढली होती. भाच्याच्या बॅगेत कपडे दोन आणि दातेरी चकत्या बारा. विमानतळावर क्ष-किरणाच्या पडद्यावर ते दृश्य बघून अधिकारी खुर्चीतून उठतात.

"ये क्या है?"

"सायकल का पार्ट है, सर."

"कितने का?"

भाचा इंग्लंडात वाढलेला, त्यामुळे खरी किंमत सांगतो. अधिकारी बराच वेळ त्याच्याकडे बघतात आणि बॅग स्वतःच्या हातानं बंद करून देतात. ज्या घराण्यात सायकलवर इतके पैसे उडवतात, त्यांच्याकडून आणखी घ्यायचं म्हणजे पाप.

पार्सलाच्या मार्गानं आलेल्या मालाचे सोहळे वेगळे. पोर्ट्समथच्या 'विगल' या प्रसिद्ध दुकानाची रीत अशी होती, की पार्सलात 'हरिबो'च्या गोळ्यांची एक छोटी पुडी टाकायची. टायर मागवला तरी गोळ्या, नट मागवला तरी गोळ्या. जगभरातले दाढीवाले सायकलस्वार त्या पुडीसाठी लहान मुलांसारखे खोकं फाडायचे. सदाशिव पेठेतल्या एका घरात ती पुडी नातीच्या हातात पडली. आजीनं चष्मा लावून बारीक अक्षरातले घटक वाचले, जिलेटिनपाशी थांबली, आणि चातुर्मास असल्यामुळे टायरसकट सगळं पार्सल गॅलरीत गेलं. तो टायर घरात यायला कार्तिकी एकादशी उजाडली.

माल आला की तो बसवायचा असतो. इथे पुन्हा मामा. (आता दुकानातले.)

"मामा, एवढं जरा लावून द्या."

मामा कॅसेट हातात घेतात, सायकलीचं मागचं चाक फिरवतात, चष्म्यावरून बघतात. "अकराची आहे. तुमचा हब दहाचा. बसायची नाही."

"नेटवर तर बसेल म्हणून लिहिलंय."

"मग नेटला सांगा बसवायला."

मामा बरोबर असतात. शिमानोची रोडची अकरा गिअरची कॅसेट दहाच्या हबवर चढत नाही, १.८ मिलिमीटर जागा कमी पडते. परत पाठवायची तर भाडं आपलं, आणि कस्टमनं घेतलेले पैसे परत मागणं हा तर निवृत्तीनंतरचा छंद. तेव्हा सरळ नवं चाकच मागवलं जातं. अर्थात तिकडूनच. तेही महिन्याभरानं मामांकडे येतं, खोक्यात हिंदकळून थोडा आउट आलेला असतो, मामा आरे पिळून तो काढतात, कॅसेट चढवतात, गिअर लावून देतात आणि दीडशे रुपये सांगतात.

"दीडशे? मामा, पाच मिनिटांचं काम!"

७७.२८ टक्के निमूटपणे मोजलेला माणूस दीडशे रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो. त्याचंही बरोबर आहे. कस्टमशी हुज्जत घालायला गेलं तर ते बसायला खुर्चीसुद्धा देत नाहीत. मामा चहा मागवतात.

मामा संत आहेत, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्वची ट्यूब मागितली तर ते मोटरसायकलवाला जाड व्हॉल्व पुढे करतात आणि "रिमला भोक जरा मोठं करून देतो की" म्हणत ड्रिल मशीन शोधू लागतात. कार्बनच्या सीटपोस्टवर पाच न्यूटन-मीटर असं छापलेलं दाखवलं तर न्यूटनचा इथे काय संबंध, असं विचारतात. 'ओरिजिनल' हा शब्द ते माल लुधियानाचा असो की तैवानचा, सारख्याच प्रेमानं वापरतात. आणि ओव्हरऑइलिंगला टाकलेली सायकल "उद्या या" या दोन शब्दांवर गणपतीपासून दिवाळीपर्यंत टांगून ठेवण्याची त्यांची हातोटी कोणत्याही परदेशी कुरिअर कंपनीला जमणारी नाही. दुसऱ्या टोकाला ती नवी काचेची दुकानं, जिथे कॉफीचं यंत्र सायकलीपेक्षा मोठं असतं आणि ब्रेक-पॅडची किंमत विचारली तर आधी आपण कोणती सायकल चालवतो हे विचारतात. त्यांच्याविषयी बोलायला आमचं उत्पन्न पुरेसं नाही.

पण खरी मौज पुढेच आहे. ज्या परदेशी दुकानांसाठी मामांना सोडलं, ती दुकानं मुळात मामांचीच. उत्तर आयर्लंडात अँट्रिम परगण्यात बॅलिन्युअर नावाचं खेडं आहे. तिथे १९८४ साली वॉटसन दांपत्यानं 'बॅलिन्युअर सायकल्स' नावाचं छोटं दुकान टाकलं. पुढे त्याचं झालं 'चेन रिअॅक्शन सायकल्स', ज्यांच्या पार्सलांनी पुण्यातल्या सोसायट्यांचे वॉचमन हैराण होते. विगलही पोर्ट्समथमधल्या एका जुन्या सायकल-दुकानातूनच निघालं, १९९९मध्ये. म्हणजे तिकडच्या मामांनी इकडच्या मामांचं गिऱ्हाईक नेलं. मग २०१६मध्ये हे दोन मामा एक झाले, २०२१मध्ये त्यांना 'सिग्ना स्पोर्ट्स युनायटेड' नावाच्या जर्मन कंपनीनं घेतलं, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तिच्यामागच्या ऑस्ट्रियातल्या सिग्ना होल्डिंगनं, जिचा मूळ धंदा इमारतींचा, कबूल केलेले १५ कोटी युरो देत नाही म्हणून कळवलं. झालं. त्याच महिन्यात विगल प्रशासकांच्या हाती गेलं. पुढच्या वर्षी फ्रेझर्स ग्रुपनं नाव तेवढं उचललं.

विगल बुडालं त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सुतक होतं. 'एक संस्कृती लयाला गेली', 'तिथली माणसं किती प्रेमानं बोलायची' (कोणीच कधी बोललं नव्हतं), 'छोट्या दुकानांचं काही खरं नाही हो'. त्याच सुमारास आमच्या कोपऱ्यावरचं, तासाच्या भाड्यानं सायकली देणारं जुनं दुकान बंद झालं. त्याबद्दल ग्रुपवर एकच मेसेज आला: तिथे आता मोमो मिळतात, आणि चांगले असतात.

तसे आम्ही स्वदेशीचे अभिमानी. १५ ऑगस्टला तैवानच्या फ्रेमवर, जपानच्या गिअरसह, इटलीच्या खोगिरावर बसून तिरंगा फडकावत लोणावळ्याला जातोच. ३ जून २०२०ला, म्हणजे ऐन जागतिक सायकल दिनी, ॲटलसनं साहिबाबादचा कारखाना बंद केला, त्या बातमीखाली आमच्याकडे भरपूर हात जोडले गेले. त्याच्या लगेच खालचा मेसेज होता, 'ब्रिटनमध्ये सेल लागलाय, कोणाला काही हवंय का?'

मामांनी शेवटी पाटी लावली. पुण्यात दुसरा इलाज नसतो. 'इथे घेतल्यास बसवणी फुकट. बाहेरून आणल्यास तीनशे. घरी विचारायचं असल्यास आधी विचारून यावे.' पाटीचा फोटो ग्रुपवर फिरला, शेकडो हसरे चेहरे आले, आणि दुकानात गर्दी वाढली. पाटीबरोबर फोटो काढणाऱ्यांची.

मध्यंतरी आमच्यातले एक दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे नावाच्या सायकलफेरीला गेले. साडेतेरा तासांत संपवायची, कोणाची मदत घ्यायची नाही, रस्त्यावरच्या दुकानात काही करून घेतलं तर चालतं. खंबाटकीच्या पलीकडे, वाई फाट्याच्या आसपास, खड्ड्यात सायकल आडवी झाली आणि मागच्या डिरेलरचा हँगर तुटला. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा, त्यांच्या फ्रेमचा बहुधा आयर्लंडातच असेल. टपरीवजा दुकानातल्या पंक्चरवाल्या मिस्त्रीनं अकरा गिअर जन्मात पहिल्यांदाच पाहिले. त्यानं विचारलं, "एवढे कशाला होते?" मग यांच्याच खिशातलं, यांनी कधी न उघडलेलं इंपोर्टेड मल्टीटूल उघडलं, चेन तोडली, डिरेलर बाजूला केला, आठ-दहा कड्या कमी करून चेन मधल्या एका चक्रावर सरळ बसवली आणि म्हणाला, "जा आता. फक्त गिअर बदलू नका."

"किती झाले?"

"द्या वीस."

सुटे नव्हते, फोनला रेंज नव्हती. यांनी जर्सीच्या खिशातून परदेशी एनर्जी जेलची पुडी काढून दिली, चारशेची. मिस्त्रीनं ती उलटसुलट करून बघितली. "शाम्पू नको मला. ऱ्हाऊ द्या, येताना द्या."

येताना ते दुसऱ्या अंगाच्या रस्त्यानं आले. पण रेंज साताऱ्याच्या अलीकडेच आली होती, आणि तिथूनच त्यांनी ग्रुपवर सविस्तर तक्रार टाकली होती: पुणे-सातारा महामार्गावर सायकलीचं एकही धड दुकान नाही.