दंतधावनाची शास्त्रशुद्ध पद्धती : गृहस्थांसाठी मार्गदर्शिका

दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर, ज्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात, तो कठीण होऊन त्याचे कीटण बनण्यापूर्वी घासून काढणे म्हणजे दंतधावन होय. मोठ्याने खाकरून आळी जागी करणे हा विधी त्याला पुरुषवर्गाने पुढे जोडला असला, तरी त्यास शास्त्राधार आढळत नाही.

साधनांपैकी राखुंडी आणि बाभळीची काडी आता बहुतेक आठवणीपुरत्या उरल्या आहेत. नायलॉनच्या केसांचा ब्रश १९३८ साली अमेरिकेत बाजारात आला आणि त्यापूर्वी ब्रशाला प्रायः डुकराचे केस असत, ही माहिती न्याहारी उरकल्यावर वाचणे इष्ट. मशेरी, म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखू, ही मात्र साधनांत गणता येत नाही, कारण ती लावणारी व्यक्ती दात घासत नसून तंबाखू घेत असते; दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ साली बंदी झाली, परंतु घरातल्या तव्यापर्यंत ती पोहोचली नाही.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, तीन वर्षांखालील मुलांना तर तांदळाच्या दाण्याएवढी; जाहिरातीत ब्रशाच्या टोकापासून टोकापर्यंत पसरलेली डौलदार लाट ही विक्रेत्याची गरज आहे, दातांची नव्हे. घासण्याचा काळ दोन मिनिटांचा असून तो बेसिनपाशीच व्यतीत करावा. ब्रश गालात धरून गॅलरीत जाणे, वर्तमानपत्राचा मथळा वाचणे आणि ‘दूध किती घ्यायचं?’ या प्रश्नाला फेसातून ‘ऊं’ असे उत्तर देणे, ज्याचा अर्थ अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत काहीही लावता येतो, यात वीस मिनिटे गेली तरी त्यांतील प्रत्यक्ष घासण्याची क्वचितच अर्ध्या मिनिटाहून अधिक भरतात.

ब्रशाचे केस दात व हिरडी यांच्या सांध्यावर ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलकेच हलवावेत. चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. करपलेले पातेले घासावे तसा आडवा जोर लावल्यास हिरड्या मागे सरतात, मुळाचा भाग उघडा पडतो आणि पुढे गार पाण्याच्या घोटासरशी सणक जाते. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आरशात दिसत नसल्यामुळे सर्वत्र उपेक्षित राहते, परंतु लाळग्रंथींच्या नलिका नेमक्या तेथेच उघडत असल्याने लाळेतील क्षार साचून कीटणही प्रथम तेथेच धरते.

यानंतरचा उपदेश मराठी मनास रुचणार नाही, तो असा की फेस थुंकून टाकावा आणि खळखळून चुळा भरू नयेत. पेस्टमधील फ्लोराइड, जे दहा लाख भागांत साधारण १००० भाग इतकेच असते, दातांवर काही काळ टिकले तर त्यांच्या बाहेरच्या कठीण आवरणाला बळ देते. तांब्याभर पाण्याने चुळा भरणारा गृहस्थ ते पैसे देऊन आणतो आणि मोरीत सोडतो.

सकाळी दात घासल्याविना चहास स्पर्श न करणारी घराणी रात्री गोड दूध पिऊन थेट अंथरुणावर आडवी होतात, हे या विषयातील सर्वांत गंभीर प्रकरण आहे. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडातले आम्ल धुतले जात नाही आणि जिवाणूंना साखरेवर निर्वेध काम करता येते; म्हणून दोहोंपैकी एकच वेळ पाळायची असेल, तर ती रात्रीची पाळावी, मग पाहुण्यांपुढे सकाळची लाज काय राखायची ते ज्याचे त्याने ठरवावे.

ब्रशाचे केस फाकले की, अन्यथा सुमारे तीन महिन्यांनी, तो सेवानिवृत्त करावा. पुढे कंगवा, पैंजण आणि कुकरची शिट्टी साफ करण्यासाठी त्याची नेमणूक होते, तीस शास्त्राची हरकत नाही. मात्र त्याच्या जागी नवा ब्रश अगोदर रुजू झालेला असावा.