पाचवीचे मास्तर

पाचवीचे मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. रिसोडच्या बाजारपेठेत त्यांचं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, पीकविम्याचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्डाची रंगीत प्रत, हा धंदा. ‘पाचवी’ ही इयत्ता नव्हे, आवृत्ती आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाची पाचवी आवृत्ती 2014 साली निघाली, पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर ती मास्तरांच्या हाती लागली, आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी सुटून ते गावी परतले तेव्हा एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत ही. खेळ चालवणाऱ्याला त्या खेळात मास्टर म्हणतात. रिसोडनं त्याचा मास्तर करून टाकला.

खेळ असा. पाच जण टेबलाभोवती बसतात. चौघे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. पाचवा मास्तर. तो सांगतो, समोर भुयार आहे, आतून सडका वास येतोय, काय करता? जो तो आपल्या पात्राच्या वतीनं काय ते बोलतो, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फासे पाहून मास्तरांच्या आईला महाभारतच आठवलं होतं. वडिलांनी मात्र एक अख्खा डाव खाटेवर बसून ऐकला आणि मग विचारलं, ‘यात जिकते कोन?’

‘कोनी नाई, बाबा.’

‘मंग हारते कोन?’

‘तसंबी नाई.’

‘मंग चार घंटे भांडत कायले होते रे तुमी?’

मास्तर पुण्याला शिकलेले, पण याचं उत्तर त्यांना आजही देता आलेलं नाही.

रविवारी रात्री शटर अर्धं ओढून डाव बसतो. अडत्याचा मुलगा योद्धा आहे, मेडिकलवाला धर्मयोद्धा, खतबियाण्याच्या दुकानातला पोरगा चोर. जादूगार आहे बारावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेणारी ताई. (ती टेबलावर सगळ्यात लहान आहे, तरी तिला सगळे ताई म्हणतात. गणिताचा धाक.) पात्राचा कागद, म्हणजे बळ किती, चपळाई किती, अक्कल किती, तलवार कोणती, याचा तक्ता, सातबारा निघतो त्याच प्रिंटरमधून निघतो. एकदा एक आजोबा चुकून तोच कागद घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, ‘जमिनीचा आकडा दिसत नाई याच्यात, अन् हे ‘अक्कल आठ’ कोनाची लिवली?’ ती अडत्याच्या मुलाच्या योद्ध्याची होती.

मास्तरांची कथा लोणारात घडते. रिसोडच्या माणसानं भुयारासाठी युरोपात कशाला जायचं? लोणारचं विवर जवळ, आणि त्याला राक्षसही आयता आहे. लवणासुराला विष्णूनं मारलं म्हणून तिथं दैत्यसूदनाचं देऊळ आहे, हे सगळ्यांना ठाऊक. मास्तरांच्या कथेत तो मेलेला नाही, खाऱ्या पाण्याखाली वाट पाहतोय. आता या खेळाच्या राक्षससूचीत ‘राक्षस’ याच नावाचा एक प्राणी खरोखरच आहे, 1977 च्या पहिल्या सूचीपासून. वाघाचं तोंड, आणि तळहात उलट्या बाजूला. त्या जुन्या चित्रात तो ऐटीत पाइप ओढत बसलाय. मास्तरांनी कौतुकानं चित्र दाखवलं तेव्हा मेडिकलवाला बराच वेळ पाहत राहिला. ‘राजेहो, उलटे पाय असतेत, हात नाई. कोन्या अमेरिकनानं हडळ अर्धीच पाह्यली.’

असं सगळं सुरळीत चाललं असताना खेळाच्या कंपनीनं पुस्तक बदललं.

खेळाडूंचं नवं पुस्तक बाजारात आलं 17 सप्टेंबर 2024 ला. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गाव बाप्पाला निरोप देत होतं आणि मास्तर पाचवीला. आधीचं पुस्तक 320 पानांचं, हे 384 पानांचं. किंमत 49.99 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं चार हजारांच्या वर. त्या हंगामात सरकारनं सोयाबीनला 4892 रुपये हमीभाव जाहीर केला होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. तेव्हा हिशेब सरळ आहे, एक क्विंटल सोयाबीन द्या आणि एक पुस्तक घ्या. ‘लुटारू आहेत लेकाचे,’ असं मास्तर आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते. पीकविम्याच्या रांगेतल्या शेतकऱ्यांना वाटलं, विमा कंपनीबद्दल बोलतायत. त्यांनी जोरात माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात पुस्तक आलं. लुटारूंचं पुस्तक मागवल्याबद्दल कुणी विचारलं तर मास्तर म्हणत, ‘वाचल्याशिवाय शिव्या कशा द्यायच्या?’

आणि वाचलं त्यांनी. ओळीखाली रेघा मारून, समासात ‘का?’ असं लिहीत. मी हे पुस्तक पाहिलंय. पहिल्या शंभर पानांत ‘का?’ फार आहेत. पुढे कुठे कुठे ‘बरं’ असंही आहे, पण ते पेन्सिलनं.

मास्तरांची अडचण ही, की पुस्तक वाईट निघालं असतं तर सगळं सोपं होतं. जखमी पात्रानं औषधाची कुपी प्यायची तर जुन्या नियमात त्याची पाळीच खर्ची पडायची, तलवार चालवता यायची नाही. मास्तर पहिल्यापासून ही सूट देत आलेले, प्या आणि लढा. नव्या पुस्तकात तेच छापून आलं. आनंद व्हायला हवा होता. मास्तर चिडले. ‘हे माझं होतं,’ म्हणाले. जगभरच्या हजारो टेबलांवर हीच सूट चालायची, असं ताईनं दाखवून दिलं, तेव्हा ते आणखी चिडले. आपली उदारता आता सगळ्यांचा हक्क झाला, ही गोष्ट उदार माणसाला लवकर पचत नाही.

मेडिकलवाल्याचं दुःख वेगळं होतं. त्याचा धर्मयोद्धा पूर्वी जितके वार लागतील तितक्या वारांवर दैवी प्रहार चढवायचा. आता एका पाळीत एकदाच. त्याच वेळी जखम भरण्याचा मंत्र दुप्पट जोमाचा झाला. पूर्वी एक फासा टाकायचा, आता दोन. ‘म्हंजे औषध वाढवलं अन् मार कमी केला,’ तो म्हणाला. मेडिकल दुकानाच्या मालकानं याला नावं ठेवावीत हे मला पटलं नाही, पण रविवारी रात्री तो दुकानदार नसतो.

मग शेतकरी. नव्या पुस्तकात पात्राचं पूर्वायुष्य निवडायला सोळा धंदे आहेत आणि त्यांत शेतकरी स्वतंत्र आहे, जुन्यात तो तसा नव्हता. त्याला बळ, काटकपणा किंवा शहाणपण वाढवून मिळतं. शिवाय चिवटपणाचा एक खास गुण, त्यानं जीव वाढतो. इथवर टेबलावर कुणाचाच आक्षेप नव्हता. सामान म्हणून मिळतं विळा, सुताराची हत्यारं, मलमपट्टीची पेटी, लोखंडी भांडं, फावडं, अंगावरचे कपडे आणि सोन्याची तीस नाणी. खतबियाण्याच्या दुकानातल्या पोरानं नाण्यांचा आकडा दोनदा वाचायला लावला. ‘तीस? सोन्याची? कर्ज किती ते लिवलं नाई काय कुठं?’ लिहिलेलं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं आपला चोर मारून टाकला आणि शेतकरी घेतला.

याच धंद्यांच्या प्रकरणात नव्या आवृत्तीतला सगळ्यात मोठा बदल आहे. पूर्वी तुम्ही कुठल्या कुळात जन्मलात यावर अंगचे गुण ठरायचे. एल्फ जन्मला की चपळ, बटू जन्मला की काटक. आता जन्मानं गुण वाढत नाहीत, तुम्ही काय काम करत होतात त्यानं वाढतात. ‘वंश’ हा शब्दही पुस्तकातून काढला. यावर परदेशात पुष्कळ वाद झाला म्हणे. रिसोडच्या टेबलावर पाच मिनिटंही झाला नाही. अडत्याच्या मुलानं ‘बरोबर आहे’ म्हटलं, सगळ्यांनी ‘बरोबरच आहे’ म्हटलं आणि भजी मागवली. ही सुधारणा आपल्याकडे कागदावर फार पूर्वीच झालेली असल्यामुळे कागदावर तिला कुणी विरोध करत नाही.

खरा स्फोट झाला पकडीवर. वऱ्हाडात माणूस तलवारीनं लढेल न लढेल, पण समोरच्याला कंबरेत धरून आपटण्याचा मोह त्याला आवरत नाही. जुन्या नियमात दोघांनी फासा टाकायचा, ज्याचा जास्त तो भारी. कुस्तीच ती. नव्यात पकडणारा फासा टाकतच नाही. त्याच्या ताकदीचा आकडा ठरलेला, पकडला जाणाऱ्यानं फासा टाकून सुटून दाखवायचं. अडत्याच्या मुलानं हात हवेतच ठेवला. ‘मंग मी काय करू? नुसता उभा राहू काय?’

‘असं कुठं आहे?’ मास्तर म्हणाले, ‘पकडीचा नियम पान एकशे पंचाण्णव.’

‘ते जुन्या पुस्तकात, दादा,’ ताई म्हणाली. नवे मूळ नियम कंपनीनं फुकट ठेवलेत. तिनं ते फोनवर उघडले होते.

मास्तर गप्प झाले, आणि मला तेव्हा त्यांचं दुखणं कळलं. जुन्या पुस्तकातला कुठला नियम कुठल्या पानावर, हे मास्तरांना तोंडपाठ. त्यांच्या टेबलावर पुस्तक उघडायची वेळच यायची नाही. मास्तर म्हणाले पान 195, की विषय संपला. दहा वर्षांचं पाठांतर ही त्यांची एवढीच मालमत्ता होती, आणि कंपनीनं ती एका रात्रीत मोडीत काढली. पुस्तकासमोर आता सगळेच पहिल्या दिवसाचे. त्यातही शिकवणीवाल्या ताईचा वाचनाचा वेग जास्त.

यात मास्तर एकटे नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ 1974 साली काढला, तेव्हा एका खोक्यात तीन चोपड्या होत्या. त्यानंतर प्रत्येक आवृत्तीच्या वेळी जुने लोक रुसलेत. 2008 ची चौथी आवृत्ती तर इतक्यांना आवडली नाही, की तिसरीच्याच नियमांवर उभा असलेला ‘पाथफाइंडर’ नावाचा दुसरा खेळ त्यांनी डोक्यावर घेतला. मास्तर ज्या पाचवीसाठी डोळे ओले करतात तिच्यावरही 2014 मध्ये कुणी ना कुणी ‘का?’ लिहिलंच असेल. गंमत म्हणजे नव्या पुस्तकाला कंपनी सहावी म्हणत नाही. म्हणते, ही पाचवीच आहे, जुन्या कथा हिच्यात चालतील. मास्तरांना हे अधिक लागतं. सहावी म्हटली असती तर झिडकारता आली असती. लोक तिला साडेपाचवी म्हणतात.

पत्त्यांतल्या मेंढीकोटाचं असं होत नाही. त्याचं पुस्तक कुणी छापलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक घराची आवृत्ती वेगळी आणि प्रत्येक घर बरोबर. मास्तरांना हे मी सुचवलं, की तुम्हीही तसंच करा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी सातबाऱ्यावर हातानं खाडाखोड करायला सांगतोय.

पण केलं तेच. सध्या टेबलावर दोन्ही पुस्तकं असतात. कुपी नवी, मंत्र नवा, शेतकरी नवा. पकड मात्र जुनी, दोघांनी फासा टाकायचा. मेडिकलवाल्याच्या दैवी प्रहाराचा निकाल दर रविवारी नव्यानं लागतो आणि तो मास्तरांचा मूड पाहून लागतो, म्हणून मेडिकलवाला येताना भजी घेऊन येतो. नवे नियम ताई वाचून दाखवते, ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढं मास्तर म्हणतात. तुमची पंचाईत आधीपेक्षा कमी झाली, असं मी म्हटलं तर त्यांना ते आवडत नाही. पाचवी ती पाचवीच, असं ते नव्या पुस्तकावर हात ठेवून सांगतात.

लवणासुर अजून पाण्याखालीच आहे आणि टेबलावर पाचव्या खेळाडूची जागा रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर रविवारी रात्री शटर वाजवा. पेन्सिल आणा, पुस्तक आणू नका, आणि पकडीविषयी काही विचारू नका. शेतकरी मागू नका, तो गेलाय.