वाटेतच आहे!

पुण्याहून रत्नागिरीला जाणाऱ्या माणसांत दोन जाती असतात. पहिली जात पहाटे निघून जेवणाच्या पंगतीला हजर होते आणि हात धुता धुता किती तासांत आलो ते ऐकवते. आमचे काका दुसऱ्या जातीचे. त्यांना तास विचारायचे नसतात, मुक्काम किती झाले ते विचारायचं.

काका बँकेतून निवृत्त झाले. हयातभर लोकांचे हप्ते तारखेला वसूल केले, आता घड्याळाचं सगळं देणं त्यांनी थकवलंय. सातारा-कराडवरून सरळ जाणारा रस्ता त्यांना नामंजूर. "तिकडे बघायचं काय? टोलनाके?" असं म्हणून ते ताम्हिणी घाटाकडे गाडी घालतात. माणगावला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. शहाणा माणूस तिथून डावीकडे वळून थेट रत्नागिरी गाठेल. काका महामार्ग ओलांडून श्रीवर्धनची वाट धरतात. "अहो, हे कुठे?" काकू विचारतात. "वाटेतच आहे!"

काकांच्या वाटेत सबंध किनारा येतो. श्रीवर्धनला ते रोठा सुपारीचा भाव विचारतात, घेत मात्र नाहीत. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढते, पलीकडे वेश्वीला उतरते आणि लगेच वेळासला वळते. नाना फडणविसांचं गाव, शिवाय समुद्रकासवांचं. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक तिथे मार्चच्या सुमारास जातात, काका दिवाळीत गेले होते. "मग मार्चमध्ये पुन्हा येऊ," एवढंच म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला.

पुढे केळशी, मग आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मग हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव. अंड्यालाही न शिवणारे काका तिथे पापलेटचा भाव चढला म्हणून हळहळतात आणि कोळणींना व्याजदर समजावून सांगतात. कोळणीही ऐकून घेतात, कारण गिऱ्हाईक नसलेला इतका उत्साही माणूस बंदरावर सहसा येत नाही.

एकदा असेच भाच्याच्या साखरपुड्याला निघाले होते. दाभोळला पोचले तेव्हा धोपाव्याची बोट डोळ्यांदेखत सुटली. "अहो, उद्या अकराचा मुहूर्त आहे," काकू म्हणाल्या. "मुलगी काय पळून चाललीय?" काकांनी चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी हेदवीला बामणघळ बघायची राहिली होती. भरतीचं पाणी त्या खडकाच्या चिरेत घुसून कारंज्यासारखं उसळतं, पण काका पोचले ते नेमके ओहोटीला. भरती येईपर्यंत थांबले. तिकडे अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले. तवसाळची बोट, जयगड, गणपतीपुळे असं करत काका दिवेलागणीला दारात उभे राहिले. नवरदेवाला आशीर्वाद दिला आणि वर सल्लाही, की लग्नानंतर फिरायला जाल तर विमानाने जाऊ नका, वाटेत काही लागत नाही.

घरात सगळे त्यांच्या नावाने बोटं मोडतात. पण कोकणात जायचं ठरलं की पहिला फोन काकांनाच जातो. शेवटची बोट किती वाजता, गुहागरात कुणाकडे घरगुती जेवण मिळेल, कुठल्या घाटात पावसाळ्यात दरड येते, आंजर्ल्यात कुणाच्या पडवीत पथारी टाकता येईल, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पंगत गाठणाऱ्या मंडळींना विचारलंत तर ते फक्त पेट्रोल किती लागलं ते सांगतील.

तेव्हा असे काका तुमच्याही घरात असतील तर त्यांच्या गाडीत जरूर बसा. एकच पथ्य पाळा. कार्य आटोपल्यावर, परतीला बसा. जाताना आपली एसटी बरी.