उंबर कोण घेणार?

रोपं वाटायचा कार्यक्रम ५ जूनला ठेवू नका. जबलपुरात तर नकोच. त्या दिवसांत इथे पारा चाळिशीच्या वर असतो, जमीन भाजत असते आणि पावसाला दोन आठवडे तरी अवकाश असतो. पर्यावरण दिनाचा फोटो निघतो, रोप आठवड्यात करपतं. जुलैत दोन-तीन दमदार पाऊस पडून माती खोलवर भिजू द्या, मग वाटा.

दुसरी गोष्ट, वाटता काय? गुलमोहर, पीतमोहर, कुंडीतल्या शोभेच्या पामची रोपं हातोहात संपतात. गुलमोहर मादागास्करचा. मे महिन्यात तो सुंदर दिसतो, हे खरं. पण त्याची लाकडासारखी शेंग धनेशाच्या काय कामाची? हरियालाच्या काय कामाची? महाराष्ट्राने ज्याला राज्यपक्षी केलं तो हरियाल वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतो. उंबर तर वर्षातून अनेकदा फळतो, रानात दुसरं काही पिकलेलं नसतानाही. पक्षी, वटवाघळं, खारी, माकडं सगळी त्याच्यावर येतात. आणि हेच रोप टेबलावर शेवटपर्यंत पडून राहतं, कारण घराजवळ उंबर-पिंपळ कुणाला नको असतो. भिंतीत मुळं शिरतात, ही भीती रास्त आहे. म्हणून ही झाडं घरोघरी वाटायची नसतातच. ती तलावाकाठी, शाळेच्या मैदानाच्या कडेला, कॉलनीच्या मोकळ्या जागेत लावायची, आणि घरी न्यायला बेल, कढीपत्ता द्यायचा.

बेलाची कोवळी पानं कुरतडलेली दिसली की लोक औषध फवारतात. कृपा करून फवारू नका. त्या लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या असतात. बुलबुल, शिंपी, चिमणी पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात. पान कुणी खाल्लं, म्हणजे झाड कामाला लागलं.

जबलपुरात याबद्दल विचारायला लांब जावं लागत नाही. उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था इथे आहे, राज्य वन संशोधन संस्था इथे आहे, कृषी विद्यापीठही इथेच. मदन महालच्या खडकाळ, कमी मातीच्या टेकड्यांवर सालई, धावडा, कांडोळ तगतील. नर्मदेच्या काठाला अर्जुन आणि जांभूळ शोभेल, करंज माती धरेल. एवढी जाणकार माणसं गावात असताना नर्सरीत जे स्वस्त मिळालं ते वाटणं मला अक्षम्य वाटतं.

आकड्यांचा मोह आधी सोडायला हवा. २ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सहा कोटींहून अधिक रोपं लावल्याचं मध्य प्रदेश सरकारने जाहीर केलं, आणि पुढे त्या आकड्यावर वाद झाला. महाराष्ट्राने २०१९च्या पावसाळ्यात ३३ कोटींचं लक्ष्य ठेवलं होतं. एवढ्या घाईत कोणतं झाड कुठे, हा प्रश्न विचारायला सवड कुणाला असते? मोहाच्या झाडाला फुलायला दहाएक वर्षं लागतात. मग मार्च-एप्रिलच्या रात्री वटवाघळं त्याच्यावर येतात आणि खाली पडलेली फुलं चितळं, अस्वलं, माणसं सगळी वेचतात. त्या दहा वर्षांतले पहिले दोन उन्हाळे कुणीतरी बादलीने पाणी घालावं लागतं. ते कुणी घालायचं, हे ठरवूनच रोप हातात द्यावं. रोपं वाटणाऱ्या मंडळाने शंभर माणसांना ती देऊन विसरून जाण्यापेक्षा दहाच जणांना द्यावीत आणि पुढच्या मे महिन्यात त्यांच्या दारी जाऊन यावं. ज्याचं रोप जगलंय त्याला दुसरं द्यावं.

रोपंही विकत आणायची गरज नाही. जून-जुलैत जांभळाचा सडा पडतो, त्याच सुमारास मोहाचं बी गळतं. ही दोन्ही बियाणी डब्यात ठेवून टिकत नाहीत, ताजी असतानाच पेरावी लागतात. तेव्हा पुढच्या वर्षी वाटायची जांभळं आणि मोह या पावसाळ्यातच पिशव्यांत पेरा. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, ती मनापासून करतात.